डाव्या कानाची बंदूक

आमच्या खोऱ्यात चकमकीच्या बंदुकीजवळ उभं राहायचं झालं तर माणूस न सांगता डावीकडे जातो. बंदुकीचा कान, म्हणजे ज्या बारीक भोकातून ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोचते ते भोक, उजव्या बाजूला असतं. बार उडतो तेव्हा त्या भोकातून ज्वाळा आडवी बाहेर येते. उजवीकडे उभं राहिलेल्याची बाही जळते, नाहीतर डोळा जातो. पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हरणाच्या शिकारीला फक्त चकमकीची बंदूक चालते, त्यामुळे ही गोष्ट इथे मुलांना रस्ता ओलांडायच्या आधी शिकवतात.

माझी बायको वर्डा डावखुरी होती. लग्नाआधीपासून ती तिच्या वडिलांची उजव्या हाताची बंदूक डाव्या खांद्याला लावून चालवायची. म्हणजे चकमक तिच्या नाकासमोर. तिच्या उजव्या गालावर दारूचे निळे ठिपके कायमचे राहिले होते. कोणी विचारलं तर म्हणायची, "गोंदवून घेतलंय, फुकटात."

ठासणीच्या बंदुकीचं किट मिळतं. खोक्यात ओबडधोबड लाकडी दस्ता, नळी, चाप, घोडा आणि पितळी पट्ट्या येतात. घासायचं, बसवायचं, तेल द्यायचं काम आपलं. उजव्या हाताची किटं हवी तेवढी मिळतात. डाव्या हाताची बनवणारे मोजके, आणि तेही अधूनमधून बनवतात. जुनी विकत मिळेल म्हणावं तर तेही नाही, कारण ज्या डावखुऱ्याला ती मिळते तो मरेपर्यंत सोडत नाही. वर्डाने फार वर्षं वाट पाहिली. शेवटी तिचं किट आलं, तेव्हा तिने ते जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि तो अख्खा हिवाळा आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. बंदूक उत्तम झाली. एकच चूक झाली. नेम धरायची मागची खाच जिथे बसते तिथली चर तिने थोडी जास्त घासली. खाच सैल बसायला लागली. मग तिने ती डाख देऊन पक्की केली आणि वर मला सांगितलं, "बाहेर बोललास तर बघ."

मागच्या हंगामात ती तीच बंदूक घेऊन शिकारीला गेली. शेवटच्या दिवशी दुपारभर धुकं होतं, हरीण दिसलं नाही. ती खोकत परत आली, बंदूक व्हरांड्यात ठेवली आणि अंथरुणाला पडली. नंतर हॉस्पिटल झालं. बर्फ वितळायच्या आत ती गेली.

उन्हाळ्यात मी बंदूक व्हरांड्यातून आत आणली, वरवर पुसली आणि स्वयंपाकघराच्या दारावर टांगली. तिच्याकडे रोज बघायचो. हात लावायला जीवावर यायचं.

यंदा नाताळच्या आधी ट्रेसा आली. ही वर्डाच्या बहिणीची मुलगी, लाकडाच्या गिरणीत हिशेब बघते, आणि मावशीसारखीच डावखुरी आहे. बूट दारात आपटून बर्फ झाडलं आणि बसायच्या आधीच म्हणाली,

"काका, नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. कॉफी पिऊन झाल्यावर नको."

"कशाला नाही म्हणायचं ते तर सांग."

ती दारावरच्या बंदुकीकडे बघत राहिली.

मी विचारलं, "तू किट मागवलं होतंस ना?"

"मागवलं होतं. दुकानदार म्हणतो, डाव्या हाताचं पुढच्या वर्षी येईल, बहुतेक. मागच्या वर्षीही बहुतेकच म्हणाला होता. वर मला शिकवतो, 'ताई, उजवी घ्या, सवय होते.' मी म्हटलं, तुम्ही डावा बूट उजव्या पायात घालून आठवडाभर फिरा, सवय होते."

"मग भावाची घे."

"गेल्या वर्षी घेतली होती. अर्धी भुवई जळाली. गिरणीत सगळे मला लाकडावर रेघ काढायची पेन्सिल देत होते, भुवई भर म्हणून."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. मी कॉफी ओतली, तिच्यासमोर ठेवली. ती कपाला हात लावेना.

"मावशीने मला एकदा ही चालवायला दिली होती," ती म्हणाली. "गालाला काही लागलं नाही. मला वाटलं, सगळ्या लोकांना असंच वाटतं होय रोज!"

वर्डा असती तर पोरीला एवढं मागायलाही लावलं नसतं. मी म्हटलं, "काढ खाली."

तिने स्टुलावर चढून बंदूक उतरवली, डाव्या खांद्याला लावली. तिथे ती नीट बसली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मागून ट्रेसा म्हणाली, "काका, मागची खाच हलतेय."

"तिथली डाख सुटली असेल. मायलो करून देईल."

मायलो आमच्या डोंगराच्या पलीकडे राहतो. बंदुका दुरुस्त करतो, माझ्या वर्गात होता. ट्रेसाने लगेच कोट चढवला. "तो उद्या लेकीकडे ओहायोला जातोय, नवीन वर्षापर्यंत येत नाही. आत्ताच जाते. तो डाख देईपर्यंत उभी राहते आणि घेऊनच येते."

"कॉफी?"

"परत आल्यावर. गरम ठेवा."

ती गेली. दारावर दोन खिळे तेवढे राहिले. मी कप धुतले. मग लक्षात आलं, वर्डाची शिकारीची पिशवी खुंटीलाच राहिली आहे. दारू ठेवायचं शिंग, गोळ्या, चिंध्या सगळं त्यातच. पोरगी परत येणारच होती, तेव्हा देता येईल. तोवर चार चांगल्या गारगोट्या पिशवीत टाकाव्यात म्हणून मी खणात हात घातला, तर हाताला चामड्याची टोपी लागली.

ही टोपी अंगठ्याएवढी असते. बंदुकीच्या घोड्यासमोर जी पोलादी पट्टी असते, जिच्यावर गारगोटी आपटते, तिच्यावर ती घालतात. टोपी घातली की ठिणगी पडत नाही. आमच्याकडे हंगामात संध्याकाळी घरी आल्यावर बंदूक रिकामी करत नाहीत. कानाबाहेरच्या छोट्या वाटीतली दारू झटकली की कायद्याच्या नजरेत ती रिकामीच. नळीतला बार तसाच ठेवतात, पट्टीवर टोपी घालतात, आणि बंदूक थंड व्हरांड्यात ठेवतात. उबेला आणली तर नळीला घाम येतो आणि दारू भिजते. हंगाम संपला की घरामागच्या टेकाडात बार काढून टाकायचा.

टोपी आहे म्हणजे आत बार आहे. रिकाम्या बंदुकीला वर्डा कधी टोपी घालत नसे.

मी ती टोपी हातात धरून आठवत होतो, ही खणात आली कुठून. मग आठवलं. उन्हाळ्यात बंदूक पुसताना पट्टीवर गंज दिसला, तेव्हा मीच ती काढली होती. व्हरांड्यातून आणली तेव्हा टोपी घातलेली होती.

म्हणजे तिने शेवटच्या दिवशी भरलेला बार अजून आत होता. आणि मायलो आता त्या नळीवर गॅसची ज्योत धरणार होता. मागची खाच जिथे असते, तिथून दारू वीतभर अंतरावर सुद्धा नसते.

मी ट्रेसाला फोन लावला. त्या डोंगरात मोबाइल चालत नाही, हे मला माहीत होतं, तरी लावला. मग मायलोच्या दुकानात लावला. घंटा वाजत राहिली. मायलो काम करताना कानातली यंत्रं काढून ठेवतो, म्हणतो कानशीचा आवाज डोक्यात जातो. त्याची बायको त्याच्या आधीच ओहायोला गेलेली. मी रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडून गाडीकडे धावलो.

रस्त्यावरचं बर्फ यंत्राने बाजूला सारलेलं होतं, पण डोंगराच्या सावलीत बर्फ घट्ट झालेलं. पहिल्या वळणावर गाडीचं मागचं अंग खंदकाकडे गेलं, परत आलं. मी मनात हिशेब करत होतो. नळी दस्त्यातून काढायला वेळ लागेल. मायलो आधी कॉफी करतो. मग खोऱ्यात आलेल्या जुन्या पुराच्या गोष्टी सांगतो. सांग बाबा, म्हटलं, आज सगळ्या सांग.

चढावर पुढे आमिश लोकांची, म्हणजे मोटार न वापरणाऱ्यांची, बग्गी लागली. घोडा पावलापावलाने चाललेला. रस्ता अरुंद, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला ओढा. मी हॉर्न वाजवला. आमच्याकडे बग्गीमागे हॉर्न वाजवत नाहीत, घोडा बुजतो. बग्गीतून दाढीवाला एनोस वाकून बघायला लागला. त्याच्याकडून मी अंडी घेतो.

"हार्लन? काय रे, आग लागली का?"

"बाजूला घे! लवकर घे!"

"इथे कुठे घेऊ? ओढ्यात?"

"मायलोकडे भरलेली बंदूक तापवतायत! पोरगी आहे तिथे!"

एनोसने आणखी काही विचारलं नाही. त्याने लगाम असा खेचला की घोडा दोन पायांवर उभा राहिला, आणि बग्गी एका चाकाने खडकावर चढली. लाकूड मोडल्याचा आवाज आला. मी मधून गाडी काढली. आरशात तो हात हलवत होता, जा, जा.

मायलोचं दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. ट्रेसाची गाडी बाहेर होती. धूर जावा म्हणून शेडचं दार उघडं ठेवलेलं. मी गाडी दारासमोरच उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, आणि आत घुसलो.

मायलो उजेडासाठी नळी नेहमी दाराकडे तोंड करून शिकंज्यात धरतो. मी आत शिरलो तो बरोबर त्या तोंडासमोर. काळं भोक माझ्या पोटाकडे रोखलेलं. नळीच्या बुडाकडे मायलो वाकलेला, त्याच्या हातात निळी ज्योत. ट्रेसा त्याच्या शेजारी डाखेची तार घेऊन उभी होती.

"भरलेली आहे!" मी ओरडलो.

मायलोने मान सुद्धा वर केली नाही. ट्रेसाने माझ्याकडे बघितलं, क्षणभर काही कळलं नाही, मग तिचा चेहरा बदलला. तिने मायलोचा हात हिसडला आणि गॅसची चावी बंद केली.

"अगं, अगं!" मायलो म्हणाला. "आत्ता कुठे वितळायला लागलं होतं!" मग मी दिसलो. "हा कशाला आलाय?"

मी तोंडासमोरून बाजूला उडी मारली. ट्रेसाने टेबलावरची यंत्रं उचलून मायलोच्या हातात कोंबली. त्याने एक कानात घातलं.

"नळीत बार आहे," मी म्हटलं. "जानेवारीपासून आहे."

"वर्डाच्या बंदुकीत? डोकं फिरलंय का तुझं?"

"तू नळीत गज टाकून बघितलास का, किती आत जातो?"

त्याने नळीकडे बघितलं. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाची असती तर टाकून बघितला असता. वर्डाची होती, म्हणून..."

त्याला पुढे बोलायची गरज नव्हती. अख्ख्या खोऱ्यात वर्डाइतकी काळजी घेणारी बाई नव्हती. तिची बंदूक तपासायची म्हणजे तिचा अपमान, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. मलाही.

नळी शांत होती. ज्योत विझली होती. खाचेपाशी लोखंड निळं पडलं होतं आणि डाखेचा थेंब चमकत होता. पण लोखंडातली ऊब तिथेच थांबत नाही, ती दोन्ही बाजूंना सरकते. एक बाजू दाराकडे होती, दुसरी दारूकडे.

"पाणी दे," मी म्हटलं. "कानातून आत पाणी सोडू. दारू भिजली की संपलं."

मायलोने धारेच्या दगडाशेजारची बारीक चोचीची बाटली माझ्याकडे टाकली. मी ती झेलली आणि डावीकडून नळीच्या बुडाकडे गेलो. पोरगी अजून तिथेच उभी होती, मायलोजवळ, नळीच्या उजव्या बाजूला. आमच्याकडे पोर उजवीकडे उभं दिसलं की कुठलाही बाप ओरडतो, तसा मी ओरडलो.

"ट्रेसा, तिकडे काय उभी राहतेस! इकडे ये, डावीकडे, माझ्या मागे! मायलो, तू पण!"

मायलोने लगेच पाय उचलला. साठ वर्षं ज्याला डावीकडे जायची सवय, तो असं ऐकल्यावर थांबत नाही. ट्रेसाही एक पाऊल पुढे आली. आणि थांबली. ती माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत होती, बाटलीपुढच्या नळीकडे, आणि मग माझ्या तोंडाकडे.

तिने मायलोची कॉलर धरून त्याला मागे ओढला.

"काका, खाली बसा! कान तुमच्याकडे आहे! डावी आहे ती, डावी!"

मी नळीकडे बघितलं. ते बारीक काळं भोक माझ्या छातीसमोर होतं. मी बाटलीसकट खाली बसलो.

त्याच क्षणी बार उडाला.

पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज कानात गेला नाही, दातात गेला. माझ्या डोक्यावरून काहीतरी फुसकन गेलं आणि मी घातलेली लोकरी टोपी गरम झाली. नळी शिकंज्यातून निसटून मागच्या लाकडी कपाटावर आदळली. बाहेर गाडीच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी बसलं. मग धुराने सगळं भरलं. पांढरा, गंधकाचा, कुजक्या अंड्याच्या वासाचा धूर.

"ट्रेसा!" मी ओरडलो. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. "ट्रेसा!"

धुरातून हात आला. तिने मला बगलेत धरून उठवलं, माझी टोपी काढून जमिनीवर आपटली, तुडवली. टोपीच्या काठाला ठिणगी लागली होती. मी तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून बघितला. डोळे, गाल, कान. सगळं होतं. तीही माझं तोंड तसंच चाचपत होती. मायलो कोपऱ्यात पिंपावर बसला होता, एका कानातलं यंत्र काढून हलवत होता.

"हे पण गेलं," तो म्हणाला. "आता दोन्ही कानांनी सारखाच."

धूर दाराकडे गेला तेव्हा बाहेरचं दिसलं. माझ्या गाडीच्या नाकातून वाफ निघत होती आणि खाली बर्फावर हिरवं पाणी पसरत होतं. गोळी सरळ रेडिएटरमधून गेली होती.

मी दारात उभा राहून ते बघत राहिलो. ती दारू वर्डाने मोजली होती. ती चिंधी तिने कात्रीने कापली होती, तेलात भिजवून गोळीखाली ठेवली होती, गजाने ठासली होती. आणि अंगात ताप असताना न विसरता पट्टीवर टोपी घातली होती. तिने जे करायचं ते सगळं केलं होतं. आता तिच्या हातचं एवढं एक उरलं होतं, तेही हिरव्या पाण्यात गेलं. मला रडू आलं नाही. मी उंबऱ्यावर बसलो.

मायलोने नळी फडक्यात धरून उचलली. तोंडाकडून फुंकली, कानातून धूर निघाला. गज आत टाकला, मग छोटा दिवा टाकून बराच वेळ डोळा लावून बघितला. बाहेरून अंगठा फिरवला.

"कुठे फुगलेली नाही," तो म्हणाला. "सरळ आहे. चांगली नळी आहे."

"मला नको," ट्रेसा म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. "काका, तुम्ही घरी न्या. होती तिथे लावा. मी मागायलाच नको होती."

खरं सांगायचं तर हेच मला हवं होतं. सकाळपासून, ती स्टुलावर चढली तेव्हापासून, मला कोणीतरी हे म्हणावं असं वाटत होतं. मी हो म्हटलं असतं तर पोरगी एका शब्दाने अडली नसती. मायलोने नळी पोत्यात गुंडाळून दिली असती. दारावरचे दोन खिळे तसेच होते.

"उन्हाळाभर ती माझ्या डोक्यावर टांगलेली होती," मी म्हटलं. "भरलेली. मी खालून शंभरदा गेलो असेन. एकदाही गज टाकून बघितलं नाही. कोणी वापरत असतं, तर पहिल्या दिवशी कळलं असतं."

"ते तुमचं दुःख होतं, काका."

"दुःखच होतं. म्हणून तर ती परत घरी न्यायची नाही मला."

तिने तरी मान हलवली, नको.

"मी तुला चुकीच्या बाजूला बोलावलं," मी म्हटलं. "माझं ऐकलं असतंस तर आत्ता आपण हॉस्पिटलच्या वाटेवर असतो. मायलो तर निघालाच होता. अख्ख्या खोऱ्यात ही बंदूक कुठल्या बाजूने उडते हे न विचारता कळणारी तू एकटी आहेस. मग ही मी कुणाला देऊ? मायलोला?"

"मला फुकट दिली तरी नको," मायलो म्हणाला. त्याला बहुतेक ओठांवरून कळत होतं. "मला आधीच एक डोळा अधू आहे."

ट्रेसा हसली नाही, पण भिंतीपासून सुटी झाली. नाक बाहीला पुसलं.

"रेडिएटर?" तिने विचारलं.

"ते मी बघतो. आणि एनोसला चाक द्यायचंय एक."

"एनोसला? का?"

"वाटेत सांगतो. तुझ्याच गाडीतून जावं लागणार आता."

मायलोने शिकंजा पुन्हा घट्ट केला. नळीला हात लावून बघितला, अजून ऊब होती. खाच जमिनीवर पडली होती, ती ट्रेसाने शोधून आणली, फुंकून चरीत बसवली. ती अजूनही हलत होती. तिने वर बघितलं.

"इथे चर जरा जास्त घासलीय का?"

मला वर्डाची ताकीद आठवली. "किट असंच आलं असेल," मी म्हटलं.

मायलोने ज्योत पेटवायला हात पुढे केला आणि थांबला. आमच्याकडे बघितलं. ट्रेसा नळीच्या उजव्या बाजूला गेली. मीही तिच्यामागून गेलो, फडकं हाताला गुंडाळलं आणि नळी धरली.

"लाव," मी म्हटलं. "पोरीला सव्वीसला जायचंय."